चेतक १५० टू-स्ट्रोक: सायलेन्सरचा आवाज कमी कसा करायचा?

चिंचवडी_चेतक:

१९८६ ची बजाज चेतक, टू-स्ट्रोक, प्लॅटिनमवाली (ठिणगीसाठी काँटॅक्ट पॉइंट असलेली). जुना सायलेन्सर तळाशी सडला म्हणून बाजारातला नवा घातला आणि आवाज वाढला. आयडलला फारसं काही नाही. चढाला तिसऱ्या गिअरमध्ये ओढताना कोरडा, फाटका ‘फाट-फाट’ येतो. उतारावर रेस सोडली की मधूनच बार निघतात. आणि एका ठरावीक स्पीडला सगळा पत्रा झणझणतो. प्लग चॉकलेटी, लिटरला २० मिली टू-टी ऑइल, पिकअप बरा आहे. एका गॅरेजचं म्हणणं, मागच्या पुंगळीत (धूर बाहेर पडतो त्या नळीत) तारेची घासणी कोंबा. दुसरीकडे म्हणाले, सायलेन्सर कापून आत ग्लासवूल भरून देतो. जुना सायलेन्सर अजून भंगारात दिलेला नाही. जाणकारांनी सांगावं.

पाना_तेरा:

घासणी कोंबू नका, कोणी कितीही छातीठोकपणे सांगितलं तरी. टू-स्ट्रोकमध्ये जळका धूर बाहेर ढकलायला वेगळा स्ट्रोक नसतो. एक्झॉस्ट पोर्ट उघडं असतानाच खालून ताजं मिश्रण येतं आणि तेच धुराला हाकलतं. बाहेरची वाट आवळली की धूर सिलिंडरमध्ये रेंगाळतो, ताजा माल कमी शिरतो आणि पिस्टन तापत जातो. घासणीच्या गुंत्यात तेलकट काजळी भराभर अडकते. आधी चढाला दम जातो, तरी ताणलीत तर पिस्टन जाम. आवाज कमी झाला असं सुरुवातीला वाटतं खरं, कारण इंजिनच कमी काम करत असतं.

तुमच्या तीन तक्रारींना बहुधा तीन वेगळी कारणं आहेत. बार म्हणजे स्टबवरचा (सिलिंडरमधून धूर बाहेर येतो त्या आखूड नळीवरचा) जॉइंट सैल. प्रत्येक ठोक्यानंतर पाइपात क्षणभर उलटी ओढ तयार होते आणि सैल जॉइंटमधून बाहेरची हवा आत खेचली जाते. रेस सोडली की सायलेन्सरमध्ये न जळलेलं मिश्रण साचतं. त्याला ही हवा मिळाली आणि मागून एखादा ठोका पेटता आला की बार. फाट-फाट जॉइंटमधून येत असेल किंवा डब्याच्या पोकळपणामुळे. झणझण पत्र्याची. आधी जॉइंट बघा, तो फुकटात सुटतो.

तपासणी सोपी आहे. गाडी आयडलला ठेवा, जाड ओलं फडकं हातात घेऊन मागच्या पुंगळीचं तोंड दोन-तीन सेकंद दाबा. इंजिन गुदमरून बंद पडलं तर जॉइंट ठीक. पुढून ‘फुस्स’ करत चालूच राहिलं तर गळती आहे. स्टबच्या खाली क्लॅम्पभोवती काळा ओला ओघळ दिसला तर तपासायचीही गरज नाही.

आता काम. इंजिन गार हवं. क्लॅम्पच्या बोल्टला आणि आर्मवरच्या (मागचं चाक धरणारा इंजिनचा भाग, सायलेन्सर त्यालाच टांगलेला असतो) मोठ्या बोल्टला आदल्या रात्री डिझेल किंवा गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. मेन स्टँडवर घेऊन मागचं चाक काढा, पाच नट, १३ चा पाना. चाक काढलं की गाडी मागे बसते, म्हणून आधी इंजिनखाली लाकडी ठोकळा द्या, सायलेन्सरखाली नव्हे. चाक न काढताही सायलेन्सर निघतो, पण मग क्लॅम्प आंधळेपणाने चाचपत फिरवावा लागतो. क्लॅम्प सैल करा, आर्मचा बोल्ट काढा आणि सायलेन्सर डावी-उजवीकडे पिळत खाली ओढा. हातोडी नको, स्टब सिलिंडरला आहे, ठोका थेट तिथे बसतो.

स्टबवरची काजळी खरवडून पॉलिश पेपर मारा. मग व्हर्नियरने स्टबचा बाहेरचा आणि सायलेन्सरच्या तोंडाचा आतला व्यास घ्या, दोन्ही एकमेकांशी काटकोनात दोनदा. अर्धा मिमीच्या आत फरक असेल तर क्लॅम्प आवळून भागतं. मिमीच्या वर गेला की तोंड सारखं मिटत नाही, लंबगोल होतं आणि दोन बाजूंना फट राहते. अशा वेळी फरक भरेल अशा पातळ पत्र्याची पट्टी स्टबभोवती एकच वेढा देऊन बसवा. पट्टीचा जोड क्लॅम्पच्या फटीसमोर येऊ देऊ नका.

एक गोष्ट बरेच मिस्त्री बघत नाहीत. सायलेन्सरच्या तोंडाला ज्या उभ्या चिरा असतात, त्या जिथे संपतात त्याच्या पलीकडेपर्यंत स्टब आत गेला पाहिजे. तोंड अर्धवट चढलं असेल तर चिरेचा शेवट उघडा राहतो. क्लॅम्प आवळलेला दिसतो, पण आवाज त्या चिरेतून सुसाट. नव्या मालात चिरा कधी कधी जरुरीपेक्षा लांब कापलेल्या असतात. तशा निघाल्या तर वरचा भाग वेल्ड करून बुजवायचा.

पेस्ट एक्झॉस्टसाठीचीच घ्या, आणि पातळ थर. लाल सिलिकॉन इथे टिकत नाही. ते तीनशे अंशांच्या आसपासचं काम आहे, स्टबजवळ त्याहून जास्त तापतं. जाड लावलेली पेस्ट आत ओघळते, कडक होते आणि तिचा खडा पुढे कुठेतरी अडकतो.

बसवताना दोन्ही बोल्ट आधी हातानेच लावा. सायलेन्सर पूर्ण वर ढकला आणि आर्मचं भोक आपोआप समोर येतंय का बघा. येत नसेल तर बोल्टने खेचून आणू नका, मध्ये वायसर घालून फट भरा. खेचून बसवलेला सायलेन्सर सतत ताणात राहतो, मग कान (सायलेन्सरची बोल्ट लावायची पट्टी) तुटतो किंवा जॉइंट पुन्हा उघडतो. सरळ बसला की आधी क्लॅम्प, मग आर्म. दहा मिनिटं इंजिन चालवा, पूर्ण गार होऊ द्या, पुन्हा एकदा आवळा.

स्टेपनी:

+१. पण आवाज सायलेन्सरचाच आहे हे आधी नक्की करा. चेतकमध्ये कार्बोरेटरच्या डब्यापासून चासीच्या भोकापर्यंत रबरी बेलो असतो, म्हणजे चासीची पोकळीच हवेच्या बाजूचा सायलेन्सर म्हणून काम करते. बेलो फाटला किंवा कोणी काढून ठेवला असेल तर सीटखालून घोगरा ‘घर्रर्र’ येतो, तोही चढालाच, आणि माणूस नव्वद टक्के वेळा सायलेन्सरवर ठपका ठेवतो. एअर फिल्टर आणि डब्याचं झाकण जागेवर आहे ना, झाकणाचे स्क्रू आवळलेले आहेत ना, तेही बघा. झणझणीसाठी बाजूच्या बॉनेटचं (फुगीर पत्र्याचं) रबर बीडिंग आणि पंख्याच्या कव्हरचे स्क्रू. एकदा दोन्ही बॉनेट काढून गाडी त्याच स्पीडला चालवून बघा, अर्धी झणझण तिथेच सापडते.

पाना_तेरा:

बरोबर. आणि टायमिंग. प्लॅटिनमची गॅप ०.३ ते ०.५ मिमीमध्ये हवी. गॅप कमी झाली की ठिणगी उशिरा पडते, मिश्रण एक्झॉस्ट पोर्ट उघडेपर्यंत जळत राहतं आणि ठोका जास्त जोरात बाहेर येतो. स्टबचा भाग निळसर पडला असेल, गाडी गरम होत असेल, तर सायलेन्सरवर खर्च करण्याआधी मॅग्नेटो (प्लॅटिनम त्यातच असतं) बघा. गॅप बसवल्यावर टायमिंगची खूण पुन्हा जुळवायची, नुसती गॅप बदलून सोडायचं नाही.

डेसिबल:

घासणी आणि ग्लासवूल का चालत नाहीत याचं गणित थोडं मांडतो, म्हणजे पुढे काय करायचं तेही कळेल.

टू-स्ट्रोक सिंगलमध्ये प्रत्येक फेऱ्याला एक ठोका. ३००० आरपीएमला सेकंदाला ५०, ५००० ला ८३. हा झाला मूळ खर्ज. त्यावर पोर्ट झटकन उघडल्यामुळे येणारे वरचे सूर चढतात, साधारण ३०० ते २००० हर्ट्झमधले. कानाला टोचतो तो हा वरचा भाग. खर्ज टोचत नाही, पण लांबवर जातो.

रिकामा डबा आवाज अडवतो तो छेद (आडव्या कापाचं क्षेत्रफळ) एकदम वाढल्यामुळे. पुंगळीच्या छेदापेक्षा डब्याचा छेद १० पट असेल तर जास्तीत जास्त १४ डेसिबल अडतात, २० पट असेल तर २०. मात्र हे सगळ्या सुरांना सारखं लागू नाही. डब्याची लांबी ज्या सुराच्या पाव तरंगलांबीएवढी, तो सूर सर्वांत जास्त अडतो. अर्ध्या तरंगलांबीएवढी असेल तर तो सूर जसाच्या तसा पार. ४०० अंशांच्या वायूत आवाज सेकंदाला सुमारे ५२० मीटर जातो, म्हणजे ३० सेंमी लांबीच्या एकसंध डब्यात ४३० हर्ट्झ छान दबतो आणि ८७० मोकळा सुटतो. कानाला नकोसा असतो नेमका तोच. म्हणून नीट केलेल्या डब्यात आडवे पडदे आणि वेगवेगळ्या लांबीचे कप्पे असतात. एका कप्प्यातून सुटलेला सूर दुसऱ्यात अडकावा हा हेतू. पडदा सुटला, किंवा बनवणाऱ्याने घातलाच नाही, तर सायलेन्सर रिकाम्या डालडाच्या डब्यासारखा वाजतो. तुमचं ‘कोरडं फाट-फाट’ मला त्यातलं वाटतं.

तपासायला २ मिमीची सरळ तार घ्या. मागच्या पुंगळीतून जुन्या सायलेन्सरमध्ये किती आत जाते आणि नव्यात किती, ताडून बघा. दोन्हींचं वजनही करा, अर्थात जुन्यातली काजळी आणि तेल काढल्यावर. पत्र्याची जाडी कानाच्या कडेवर मोजता येते: १८ गेज म्हणजे १.२ मिमी, २० म्हणजे ०.९, २२ म्हणजे ०.७. स्वस्त मालात २२ सर्रास असतो आणि झणझण तिथूनच येते.

पत्राकाम:

ग्लासवूलला सरसकट नाही म्हणू नका. कितीतरी गाड्यांना असतं.

डेसिबल:

फोर-स्ट्रोकला असतं, आणि रेसिंगच्या टू-स्ट्रोकला शेवटच्या लहान नळकांड्यात असतं, जे वरचेवर उघडून बदलतात. चेतकच्या मुख्य डब्यात भरलं तर दोन गोष्टी होतात. तेल धरून त्याचा गोळा होतो आणि आवाज शोषणं बंद. शिवाय डब्याचा आकार आतून लहान होतो, त्यामुळे आधी अडत होता तो खर्जही मोकळा. आणि कापून वेल्ड केलेला डबा पुढच्या वेळी काजळी साफ करायला पुन्हा कापावा लागणार. बाहेरून गुंडाळायला मात्र लोकर उत्तम, त्यावर खाली लिहितो.

पत्राकाम:

हे पटलं. मग माझं मत, नव्याच्या मागे लागू नका, जुना दुरुस्त करा. पडदे शाबूत असतील तर तळ सडलेला असला तरी तो नव्यापेक्षा बरा. आधी हलवून बघा. आत सुट्टा पत्रा खुळखुळला तर विषय संपला. नुसती वाळूसारखी सरसर असेल तर ती सुटलेली काजळी.

साफ करायच्या दोन पद्धती. जुनी म्हणजे भाजणे. सायलेन्सर उभा ठेवून एक दिवस तेल निथळू द्या, मग उघड्यावर लाकडाच्या किंवा कोळशाच्या आगीत टाका. काजळी ५००-६०० अंशांना जळते, सायलेन्सर मंद लालसर झाला की पुरे. लालभडक करत बसाल तर प्रत्येक वेळी पत्र्याचा एक पापुद्रा खवल्यांच्या रूपाने निघून जातो, आणि तुमचा आधीच सडका आहे. पाणी ओतून विझवू नका, वेल्ड तडकतात. धूर घाण आणि विषारी असतो, सोसायटीच्या आवारात हा कार्यक्रम करू नये, आवाजाच्या तक्रारीत धुराची भर पडेल. गार झाल्यावर लाकडी हातोडीने ठोका, आत सायकलच्या जुन्या चेनचा हातभर तुकडा सोडा आणि हलवत राहा. चेन मोजून परत बाहेर काढायची.

तुमच्यासाठी दुसरी पद्धत बरी, कॉस्टिक सोडा. चार लिटर पाण्याला चारशे ग्रॅम. सोडा पाण्यात हळूहळू टाकायचा, पाणी सोड्यावर कधीच नाही, उसळून अंगावर येतं. रबरी हातमोजे आणि डोळ्यांवर गॉगल हवाच, डोळ्यात गेलेला थेंब डोळा घालवतो. बादली प्लॅस्टिकची किंवा लोखंडी, ॲल्युमिनियमचं भांडं नको, सोडा ते खातो आणि हायड्रोजन सुटतो. सायलेन्सर गाडीवर असताना हा उद्योग करू नका, इंजिनचं केसिंग ॲल्युमिनियमचं आहे. खालची भोकं लाकडी गुट्टीने बंद करा, द्रावण भरा, रात्रभर ठेवा. वरचं तोंड गच्च बंद करू नका. सकाळी काळी राड निघते. दोन-तीनदा पाण्याने धुवा, शेवटी थोडं व्हिनेगर घातलेल्या पाण्याने, आणि लगेच उन्हात किंवा हॉट एअर गनने पूर्ण वाळवा. निघालेलं पाणी झाडांना किंवा ओढ्यात ओतू नका.

आता भोकं शोधा. एक तोंड बंद करून पाणी भरलं की जिथून पाझरतं तिथे खडूने खूण. सडलेल्या जागी नुसता डाग देत गेलात तर डागाशेजारी नवं भोक पडतं, कारण तिथला पत्रा कागदासारखा झालेला असतो. बोटाने दाबल्यावर ज्या भागात पत्रा लवतो तो सगळा भाग कापून काढा आणि १८ गेजचा तुकडा त्याच गोलाईत वाकवून, चहूबाजूंनी १० मिमी वर येईल असा बसवा. गॅस वेल्डिंग किंवा मिग. आर्क करायचंच तर २ किंवा २.५ मिमीचा रॉड आणि करंट कमी, ३.१५ च्या रॉडने पत्र्याला भगदाड पडतं. पितळ लावून चालतं, पण स्टबपासून लांब. वेल्डरला देण्याआधी आत तेल किंवा पेट्रोलची वाफ नाही याची खात्री करा. बंद डब्यावर ज्योत मारली की तो फुटतो, दोन्ही तोंडं उघडी ठेवूनच काम.

मागच्या पुंगळीचं टोक सडलं असेल तर त्याच आतल्या व्यासाची आणि त्याच लांबीची पाइप जोडा. ‘थोडी बारीक घालतो, आवाज कमी होईल’ याला बळी पडू नका, ती घासणीचीच दुसरी आवृत्ती. मोठी घातली तर आवाज वाढतो आणि खालचा दम जातो.

गिअर_वायर:

सायलेन्सर विकत घेणाऱ्यांसाठी एक ओळ: दुकानात ‘चेतकचा’ एवढंच सांगू नका. फोर-स्ट्रोक चेतकचा याला बसत नाही. ८ इंची चाकांच्या बजाजचा वेगळा, सातारच्या प्रियाचा आणि एलएमएलचा समोर मांडून जुळवल्याशिवाय घेऊ नये. जुना पिशवीत घालून घेऊन जा.

चिंचवडी_चेतक:

सर्वांचे आभार. जॉइंट उघडला. तोंड स्टबपेक्षा १.३ मिमी मोठं आणि चिरांचा शेवट उघडा होता, पाना_तेरा म्हणाले तसाच. चिरा वरून बुजवल्या, पट्टी घालून आवळलं. बार पूर्ण बंद. फाट-फाट बराच उतरला, पण चढाला पोकळपणा आहेच. नव्यात तार जुन्याच्या दुप्पट आत जाते. जुन्याचे पडदे शाबूत वाटतात, खुळखुळत नाही. तो पत्राकाम यांच्या पद्धतीने साफ करून वेल्डरकडे देतोय. बेलो ठीक आहे, बीडिंग नव्हतंच, मागवलंय. दोन प्रश्न: पत्रा १८ गेजचा असूनही झणझण उरली तर काय, आणि मागे एक जादा लहान डबा लावला तर फायदा होतो का?

डेसिबल:

जादा डबा. तुमच्या पुंगळीचा आतला व्यास २० मिमी धरतो, तुम्ही मोजून घ्या. ६० मिमी व्यासाची, १५० मिमी लांब नळी घेतली तर छेद ९ पट. जास्तीत जास्त १३ डेसिबल, तेही ८०० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे फाट-फाटवर बरोबर बसतं. ४०० ला १० डेसिबल मिळतात. १०० हर्ट्झला जेमतेम दोन-अडीच, खर्जासाठी याचा उपयोग नाही. साध्या डब्यातून १६०० सुटतो. तो पकडायचा तर आत येणारी नळी डब्यात ७५ मिमी आणि बाहेर जाणारी ३८ मिमी आत घुसवायची, म्हणजे लांबीच्या निम्मी आणि पाव. दोन्ही नळ्यांचा आतला व्यास २० च्या खाली जाऊ द्यायचा नाही आणि टोकांवरचे कानशीचे बर काढायचे. नळ्या समोरासमोर असल्याने वाट मोकळी राहते, पिस्टनला त्रास नाही. तळाला काजळी काढायला एक बोल्ट ठेवलात तर पुढच्या वेळी कापाकापी नाही.

पण एक महत्त्वाचं. चेतकमध्ये इंजिन हाच मागचा आर्म आहे, चाकाबरोबर ते वर-खाली होतं. सायलेन्सर त्यालाच धरून हलतो. म्हणून या जादा डब्याचा टेकू सायलेन्सरच्या अंगावरच द्यायचा, चासीला किंवा बॉडीच्या पत्र्याला कधीही नाही. चासीला बांधलात की पहिल्या मोठ्या खड्ड्यात एकतर पुंगळी तुटते किंवा स्टबचा जॉइंट उघडतो. बसवल्यावर मागे दोन माणसं बसवून दाबून बघा, कुठे टेकत नाही ना.

पत्राकाम:

झणझणीसाठी जॅकेट. सायलेन्सरच्या अंगावर ८-१० मिमी सिरॅमिक लोकरीचा एक थर, त्यावर २० गेजचा पत्रा, कडा सायलेन्सरला ठिकठिकाणी टाके देऊन आणि मग सलग बंद. पत्रा सुटा हलता कामा नये, नाहीतर एका झणझणीच्या दोन होतील. लोकर दाबून चपटी करू नका, दाबली की तिचा गुण जातो. कापताना मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट. जुन्या हार्डवेअरच्या दुकानात कुठे ॲस्बेस्टॉसची दोरी किंवा पत्रा मिळाला तर स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका, त्याची धूळ फुप्फुसात गेली की आयुष्यभर तिथेच.

बाहेरच्या जॅकेटला सगळ्यात खालच्या जागी ३ मिमीचं भोक ठेवा. पावसात पाणी शिरतंच, बाहेर जायला वाट नसेल तर लोकर ओली राहून सायलेन्सर बाहेरून सडतो. भोक फक्त बाहेरच्या पत्र्याला, आतल्या डब्याला नाही. वजन किलोभर वाढेल, आर्मच्या बोल्टला स्प्रिंग वायसर हवाच.

डेसिबल:

जॅकेटचा परिणाम मोबाइलवर मोजून बघा. ॲपचा आकडा खरा मानू नका, पण आधी आणि नंतरचा फरक बऱ्यापैकी कळतो. फोन पुंगळीच्या तोंडापासून ५० सेंमीवर, तिच्या रेषेला ४५ अंशांत, तोंडाच्याच उंचीवर. आसपास तीन मीटरपर्यंत भिंत किंवा गाडी नको. दोन्ही वेळी रेस सारखी हवी, टॅकोमीटर नसेल तर ॲक्सिलरेटरच्या मुठीवर आणि हँडलवर टेप लावून खूण करा. मात्र ही उभ्या गाडीची मोजणी. चढावरचा लोड त्यात येत नाही, तो कानानेच ठरवायचा. ३ डेसिबल उतरले की आवाजाची ऊर्जा निम्मी, पण कानाला निम्मा वाटायला १० उतरावे लागतात.

लँबी_ठाणे:

अवांतर. एपीआयच्या (ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया) लॅम्ब्रेटाला हेच सगळं लागू होतं का? आमच्यात स्टबवर चढणारं तोंड नाही, फ्लँज आहे.

पाना_तेरा:

डब्याचं सगळं तेच. जॉइंट वेगळा. लॅम्ब्रेटात बेंड पाइपचा फ्लँज सिलिंडरला दोन स्टडवर बसतो, मध्ये गॅस्केट, आणि बेंड दुसऱ्या टोकाला डब्यात क्लॅम्पने. तिथे आवाज गळतो तो बहुतेक वेळा फ्लँज वाकल्यामुळे. एकाच बाजूचा नट आधी पूर्ण आवळला की फ्लँज धनुकलीसारखा होतो. जाड काचेवर पॉलिश पेपर पसरून फ्लँज त्यावर आठ आकड्यात घासा. चकाकी सगळीकडे सारखी आली की सपाट झाला. गॅस्केट दरवेळी नवं, दोन्ही नट आलटून-पालटून थोडे थोडे. एकावर एक दोन गॅस्केट घालू नका, मधला थर जळून उडतो आणि महिन्याभरात पुन्हा तेच. आणि आधी बेंड-डब्याचा क्लॅम्प सैल ठेवून फ्लँज आवळा, क्लॅम्प शेवटी.

गिअर_वायर:

कायद्याचं कोणी लिहिलं नाही म्हणून. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२० वा नियम सायलेन्सरचा आहे, तो प्रत्येक गाडीला हवाच. मोटार वाहन कायद्याच्या १९० (२) खाली आवाजाचे किंवा धुराचे निकष मोडले तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, वर लायसन्स तीन महिने बाद. पोलीस रोडरोलरखाली चिरडतात ते सायलेन्सर बुलेटचे, चेतकला सहसा कोणी अडवत नाही, पण फुटका सायलेन्सर ‘जुनी गाडी आहे साहेब’ म्हणून सुटत नाही. पीयूसीत आवाज मोजत नाहीत. मार्च २००० पर्यंतच्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ९००० पीपीएम एवढंच बघतात. पण जॉइंट गळका असेल तर पुंगळीतली हवा पातळ होऊन आकडे चुकीचे येतात, म्हणून पीयूसीच्या आधीही जॉइंट बघून घ्यावा.

चिंचवडी_चेतक:

जुना सायलेन्सर वेल्ड होऊन आला, उद्या चढवतो. जॅकेट घातल्यावर चाक निघायला अडचण येईल का? पंक्चर झालं की रस्त्यावर सायलेन्सर सोडत बसायला नको. आणि रंग कोणता?

पत्राकाम:

चाकाच्या बाजूला जॅकेट घालूच नका. खालची आणि मागची बाजूच झाका, टायरकडची उघडी ठेवा. टायर आणि पत्रा यांत १५ मिमी तरी मोकळी जागा हवी, ३.५०-१० चा टायर पूर्ण हवेने फुगलेला असताना मोजा. टाके मारण्याआधी जॅकेट तारेने बांधून एकदा चाक काढून-घालून बघा. वेल्डिंग झाल्यावर कळलं तर ग्राइंडर मागवावा लागतो.

रंग ६०० अंशांचा हीटप्रूफ, काळा किंवा ॲल्युमिनियम. गंज वायर ब्रशने काढून थिनरने पुसा, दोन पातळ हात द्या. खाली प्रायमर नको, साधा रेड ऑक्साइड जळून रंगासकट पापुद्रे सुटतात. रंग वाळल्यावर पहिल्या दिवशी आयडलला दहा मिनिटं, गार, मग वीस मिनिटं, गार, असं करून मगच रस्त्यावर काढा. पहिल्यांदा तापताना धूर येईल, तो रंगाचा.

पाना_तेरा:

आणि चढवताना आर्मचा बोल्ट नवा घ्या. जुन्याचे आटे गंजाने बारीक झालेले असतात, किलोभर जादा वजन घेऊन तो सैल होत राहील. आट्यांना थोडं कॉपर ग्रीस लावा, म्हणजे पुढच्या वेळी काढताना पाना घसरणार नाही.